साताऱ्याचे गोणपाट आणि घटनेचे कलम ४५

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव १९१४ या अनुक्रमांकाने नोंदले गेले. प्रवेश रीतसर होता. परंतु भिवाने वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावयाचे. शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी प्यावयाचे. शिपाई नसला की तहानलेले राहावयाचे. बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. नाव नोंदले गेले म्हणजे शिक्षणाचा हक्क मिळाला काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याला भाकरीच्या बाजूने हात घातला. १९१० मध्ये दुधगाव (आज सांगली जिल्हा) येथे त्यांनी विद्यार्थी आश्रम काढला. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत. शाळेची फी माफ झाली तरी दोन वेळच्या अन्नावाचून गरिबाचे पोर शाळेत टिकत नाही, हे या सत्यशोधकाने ओळखले होते. तथापि हे कार्य लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि मुलांच्या श्रमावर उभे होते. ज्याला तेथे जागा मिळाली नाही, त्याने दाद कोणाकडे मागावी?

घटनेच्या मसुद्यातील ३६ व्या कलमात प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क असल्याचे शब्द होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी लक्ष्मीकांत मैत्र यांच्या दुरुस्तीने ते गळाले, आणि ही दुरुस्ती बाबासाहेबांनीच स्वीकारली. आपल्यापैकी पुष्कळांना हे ऐकून अवघडल्यासारखे होते. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या भागातले असल्याने तेथे हक्काची भाषा विसंगत होती, एवढेच तिचे कारण. याच चर्चेत शिक्षणाची सक्ती प्राथमिक टप्प्यापुरती ठेवावी, ही सूचना मात्र त्यांनी ठामपणे फेटाळली. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास घटना मनाई करते. मग ते मूल त्या वयापर्यंत शाळेतच असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. माझ्या मते त्या दिवशीची खरी कमाई हीच.

कलम ४५ ने दिलेली दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मूलभूत हक्क मानले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दुर्बल व वंचित गटांतील मुलास भेदभावामुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागू नये, ही जबाबदारी त्या कायद्याच्या आठव्या कलमाने सरकारवर टाकली आहे.