भिंत पाठीशीं आणि भिंत समोर

इतिहास म्हणजे लढाया आणि तह, अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. घराची भिंत हा इतिहासाचा विषय होऊं शकेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. हल्लीं दूरचित्रवाणीच्या संचासाठीं दिवाणखान्याची एक अखंड भिंत मुद्दाम आखून सुताराकडून घडवून घेण्याची रीत शहरांत पडली आहे. ही रीत कोणत्या वाटेनें आली, तें आज आपण पाहूं.

पेशवाईंतील एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. विटांची जाड भिंत, आणि त्या जाडींतच कोनाडे, दिवळ्या व फडताळें. कोनाडा हा मागाहून चढविलेला अलंकार नव्हे. भिंत वर चढत असतांनाच गवंडी त्याची जागा सोडून देई. दिवा, पोथी, पानाचें तबक यांना भिंतीनें आपल्या पोटांत आसरा द्यावा, अशी ती योजना होती. संपन्न घरांत भिंती रंगवीतही असत. वाईजवळ मेणवली येथें नाना फडणिसांच्या वाड्यांत तशीं चित्रें आहेत. परंतु बैठक कशी असे, इकडे लक्ष द्या. भिंतीच्या कडेनें गाद्या, त्यांवर लोड आणि तक्के. माणसें भिंतीला पाठ टेकून बसत आणि तोंडें एकमेकांकडे करीत. भिंत आधाराला, नजर माणसांकडे, असा तो शिरस्ता होता.

१८९४ सालीं मुंबईस राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि देवादिकांचीं रंगीत चित्रें मध्यम स्थितीच्या घरांतही आलीं. त्यांच्या जोडीला वडिलधाऱ्यांचीं छायाचित्रें टांगलीं गेलीं. तरीही बैठक मोडली नाहीं. चित्राकडे क्षणभर पाहावें आणि पुन्हां बोलणें सुरू करावें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. पुढें घरोघरीं आलेला रेडिओ फळीवर ठेवला काय किंवा कोपऱ्यांत ठेवला काय, सारखेंच. ऐकणाऱ्यानें पाठ फिरविली तरी आवाज त्याच्यापर्यंत पोहोंचतोच.

खरी उलथापालथ केली ती दूरचित्रवाणीनें. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं तिचा प्रयोग सुरू झाला, आणि मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें. चित्र पाहावयाचें म्हणजे तोंड तिकडेच वळविलें पाहिजे. खुर्च्या एका दिशेला फिरल्या. पाठीशीं असलेली भिंत समोर आली. आम्हां शाळामास्तरांना ही रचना फार परिचयाची आहे. मुलांनीं आपसांत बोलूं नये, म्हणून तर वर्गांतील सगळे बांक फळ्याच्या भिंतीकडे तोंड करून मांडलेले असतात!

त्या काळचा संच म्हणजे एक अवजड पेटीच होती. आंतील कांचेच्या नळींत मागच्या टोकाकडून पडद्यावर विद्युत्कणांचा झोत सोडावा लागे, म्हणून पेटीला खोली हवी असे. तिला पुष्कळदां लांकडी सरकतीं दारें असत. कार्यक्रम संपला कीं दारें मिटत. पुढें तिच्यासाठीं शोकेस आली. १९८२ सालीं रंग आले. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं रामायण दिसूं लागलें, तेव्हां कित्येक घरांत संचालाच हार घालीत.

नंतर सपाट पडद्याचे संच आले. पेटी गेली, आणि संच चित्रासारखा भिंतीवर चढला. परंतु आजच्या इमारतीचा भार काँक्रीटचे खांब आणि तुळया वाहतात. मधली भिंत बहुधा अर्ध्या विटेची, म्हणजे ४॥ इंचांची. तिच्या पोटांत कोनाडा मावत नाहीं. म्हणून प्लायवूडचा सांगाडा पुढें बांधून त्यांत तारा लपवितात आणि कोनाड्यांचा आभास करितात. जुना कोनाडा खोलीची जागा न अडवितां सोय करी. नवी भिंत जुन्या भिंतीच्या अंगावर चढते आणि खोली तेवढी लहान करते.

ज्यांना अशी भिंत करावयाची असेल त्यांनीं ती अवश्य करावी. मात्र कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खुर्चीवर बसून पाहणारासाठीं पडद्याचा मध्य जमिनीपासून सुमारें ४२ इंचांवर असावा. संचाचा भार प्लायवूडवर न टाकतां पक्क्या भिंतीवर घ्यावा. उष्णता निघून जाण्यास फटी ठेवाव्या, आणि पुढें लागणाऱ्या तारांसाठीं एक रिकामी नळी आधींच घालून ठेवावी. जुन्या पेटीचीं सरकतीं दारें पुन्हां आणतां आलीं, तर फारच उत्तम.

सुतार आपल्याला एकच माप विचारतो, तें संचाचें. दुसरें माप आपणच त्याला सांगावें : संच बंद असतां चार माणसें समोरासमोर बसलीं, तर मध्यें किती जागा उरते.