तेलगळती, जुन्या डिझेल ट्रकमधील (अचानक)

वापरलेल्या डिझेल ट्रकमधून फारशी पूर्वसूचना न देता मोठ्या प्रमाणावर तेल बाहेर पडू लागणे. गॅरेजच्या भाषेत, ‘गाडी ऑइल फेकते’. उभ्या गाडीखाली रोज दिसणारे चार थेंब हा वेगळा प्रकार. तो पाझर असतो आणि त्यामागे बहुधा कडक झालेले रबर किंवा दबलेले पॅकिंग असते. अचानक सुटलेल्या तेलामागे मात्र बहुधा दोनपैकी एक मोठे कारण असते: दाबाखालची एखादी वाट उघडी पडली आहे, किंवा इंजिनाच्या पोटातच दाब वाढला आहे. कोणते ते ठरवण्याआधी सील बदलू नये.

प्रस्तुत नोंद मुख्यतः कमिन्सच्या ‘बी’ मालिकेतील सहा सिलिंडरांच्या ५.९ लिटर इंजिनावर (बोर १०२ मिमी., स्ट्रोक १२० मिमी.) आधारलेली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेले हे इंजिन १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सच्या जमशेदपूर कारखान्यामुळे टाटाच्या ट्रकांत रूढ झाले.

प्रथम कृती : इंजिन बंद करून तेलाची पट्टी (डिपस्टिक) पाहावी. पट्टीवर तेल नसेल तर भरल्याशिवाय इंजिन पुन्हा चालू करू नये. गरम इंजिनात आयडलला किमान ०.७ बार आणि पूर्ण फेऱ्यांना २.१ बार दाब हवा. त्याखाली काटा जात असेल तर गाडी ओढून न्यावी. दाबाने उडणारे तेल तापलेल्या टर्बोवर पडल्यास पेट घेऊ शकते, म्हणून गळती सुरू असताना इंजिन चालू ठेवून खाली वाकून पाहत बसणे धोक्याचे.

तेलाची ओळख : इंजिन ऑइल काजळीमुळे काळे असते, डिझेल इंजिनात नवे तेलही लवकरच काळे पडते. गिअर ऑइल दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे, पॉवर स्टिअरिंगचे बहुतेक गाड्यांत लालसर. पट्टीवरची पातळी वाढलेली आणि तेल पातळ, डिझेलच्या वासाचे असेल, तर डिझेल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळच्या तेलपात्रात) उतरते आहे. असे पातळ झालेले तेल पूर्वी न गळणाऱ्या जागांतूनही वाट काढते.

उगमाचा शोध : तेल खाली उतरते आणि पंख्याच्या व धावण्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथे दोष क्वचितच असतो. शोध सर्वांत वरच्या व सर्वांत पुढच्या ओल्या जागेपासून सुरू करावा. जुन्या गाडीत ब्लॉकवर धूळ व तेलाचा जाड थर बसलेला असतो. ताज्या गळतीने त्या थरातून एक स्वच्छ, चकाकणारा ओघळ धुऊन काढलेला दिसतो आणि तो ओघळ वर पाहत गेले की जागा सापडते. विक्रीपूर्वी इंजिन धुऊन घेतलेल्या गाडीत हा पुरावाच पुसलेला असतो. त्यामुळे खरेदीच्या वेळी अतिस्वच्छ इंजिन दिसले तर गाडी भार घालून तासभर चालवून मगच खालून पाहावी. ओघळ सापडत नसेल तर इंजिन धुऊन, हवेने सुकवून, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर मारावी. तेलात मिसळायचा चमकणारा रंग व अतिनील दिवा हाही खात्रीचा मार्ग आहे.

दाबाखालच्या वाटा : ऑइल प्रेशर स्विच, टर्बोला तेल नेणारी नळी, ऑइल कूलरचे व फिल्टरचे पॅकिंग. स्विचच्या कडेच्या सांध्यातून तेलाची बारीक धार उडते आणि अर्धे इंजिन भिजवते. सुटा भाग स्वस्त असल्याने तो आधी तपासणे शहाणपणाचे. गळती सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल तर फिल्टर काढून पाहावा. कधी जुन्या फिल्टरची रबरी कडी फिल्टरच्या हेडला चिकटून राहते, तिच्यावरच नवा फिल्टर आवळला जातो, आणि दोन कड्यांच्या मधून चेंबर काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. कूलर आतून फुटल्यास तेल बाहेर न येता रेडिएटरमध्ये जाते.

बॅक कॉम्प्रेशन : पिस्टन-रिंगांमधून क्रँककेसमध्ये उतरणारा वायू. ब्रीदरच्या नळीतून तो बाहेर जातो, त्यामुळे असा थोडा वायू सर्वच इंजिनांत दिसतो. रिंगा झिजल्या, एखादा पिस्टन तडकला किंवा ब्रीदरची नळी चिखलाने वा मळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि सर्वांत कमकुवत सीलमधून तेल ढकलतो. सील बदलल्यावर महिन्याभरात पुन्हा गळते ते बहुधा याच कारणाने. यात सीलचा दोष नसतो. तरीही दर वेळी सीलच बदलले जाते आणि मालकाचा खर्च वाढत जातो.

गॅरेजमधली चाचणी सोपी आहे. आयडलवर तेल भरायचे झाकण काढून तोंडावर उलटे ठेवावे. ते नुसते थरथरले तर ठीक, उडून पडले किंवा तोंडातून धुराचे झोत आले तर संशय पक्का. काटेकोर मोजमापासाठी ब्रीदरला ठरावीक छिद्राचे तोंड बसवून पाण्याच्या मॅनोमीटरवर, इंजिनावर भार असताना दाब पाहतात. ब्रीदर साफ केल्यावर दाब उतरला तर इंजिन उघडायची गरज नाही.

एअर ब्रेकच्या गाड्यांत आणखी एक वाट आहे, आणि ती फार वेळा नजरेआड होते. ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर इंजिनाच्याच तेलावर चालतो. त्याच्या रिंगा गेल्या की दाबलेली हवा थेट क्रँककेसमध्ये येते. कॉम्प्रेसर हवा भरत असताना झोत जास्त आणि टाकी भरल्यावर कमी, असा फरक दिसला तर बोर-पिस्टन चांगले असू शकतात. सकाळी टाकीचा निचरा करताना पाण्याबरोबर काळे तेल येणे हेही त्याचेच लक्षण.

टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसते. तेल गुरुत्वानेच खाली परतते. क्रँककेसमध्ये दाब वाढला वा परतीची नळी चेपली की तेल इनटेकमध्ये शिरते. निळा धूर हे सौम्य रूप. गंभीर रूपात इंजिन स्वतःच्याच तेलावर बेफाम फिरू लागते आणि डिझेल तोडूनही थांबत नाही. अशा वेळी हवेची वाट बंद करणे हा मुख्य उपाय, पण हात कधीही उघड्या तोंडावर ठेवू नये.

मागचे मेन सील : क्लच हाऊसिंगच्या खालच्या छिद्रातून तेल टपकले की गिअरबॉक्स उतरवायचा निर्णय घाईने होतो. त्याआधी टॅपेट कव्हरचे मागचे टोक व ब्लॉकची मागची बाजू कोरडी आहे का ते पाहावे. वरून आलेले तेलही याच छिद्रातून पडते. तेल गिअर ऑइल असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा. या इंजिनाचे मागचे सील टेफ्लॉनच्या ओठाचे असते आणि ते क्रँकवर पूर्ण कोरडे बसवावे लागते. सवयीने ओठाला तेल लावून बसवलेले नवे सील गळते. क्रँकवर जुन्या सीलची खाच पडली असेल तर पातळ बाही चढवावी.

पुढची डॉवेल पिन : १९८९ ते १९९८ च्या अमेरिकी डॉज रॅम पिकअपमधील बारा व्हॉल्व्हच्या याच इंजिनाबाबत हा दोष विपुल नोंदला गेला आहे. टायमिंग हाऊसिंग ब्लॉकवर जागेवर बसवणारी पोलादी पिन कंपनाने सरकून गिअरांत पडते, हाऊसिंग तडकते आणि पुढून एकाएकी तेल सुटते. कधी ती इजा न करता चेंबरमध्येही पडते. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी दाबून पिन अडवतात. कुळ एकच असल्याने आपल्याकडेही पुढचे कव्हर उघडले असता ही पिन पाहून घ्यावी.

गळती थांबवणारी रसायने : कडक झालेले रबर त्यांनी काही काळ फुगते, तुटलेल्या नळीवर वा बॅक कॉम्प्रेशनवर त्यांचा उपयोग नाही. पातळ तेल वापरल्याने गळती सुरू होते की आधीची उघडी पडते, याबद्दल मतभेद आहेत.

हब : चाकाच्या हबचे सील गेल्यास तेल ब्रेक लायनरवर जाते, गाडी लगेच थांबवावी.

वापरलेले तेल : भारतातील २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे लागते.