राजधानी नसलेल्या गावातली रेषा

रायपूरच्या पंडरीचे नाव छत्तीसगडभर कापडासाठी घेतले जाते. लग्नसराई जवळ आली की खेड्यापाड्यांतले दुकानदार आणि कुटुंबेच्या कुटुंबे इथल्या कापड बाजारात उतरतात. आंतरराज्य बस स्थानकही कित्येक दशके इथेच होते. २०२१ मध्ये ते भाठागावला हलले. सत्तेचे म्हणावे असे या वस्तीत काही नाही. आहे ती घाऊक-किरकोळ खरेदी आणि गर्दी. या रायपुरातून १९९६ मध्ये त्र्यंबक शर्मा यांनी ‘कार्टून वॉच’ हे निव्वळ व्यंगचित्रांना वाहिलेले मासिक सुरू केले. छत्तीसगड राज्य झाले १ नोव्हेंबर २००० रोजी. म्हणजे मासिक निघाले तेव्हा विधानसभा, मंत्री, सचिवालय सगळे भोपाळला होते आणि रायपूर हे मध्य प्रदेशातले एक व्यापारी शहर होते. व्यंगचित्रकला सत्तेच्या सावलीत वाढते, असे आपण गृहीत धरून चालतो. तसे असते तर दिल्लीच्या ‘शंकर्स वीकली’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाचा वारसा दिल्लीतच पुढे चालायला हवा होता. ते साप्ताहिक १९७५ मध्ये, आणीबाणी लागू झाल्यानंतर काही आठवड्यांतच बंद पडले. आणि पुढे केवळ व्यंगचित्रांसाठी मासिक काढण्याची हिंमत केली ती अशा एका शहराने, जिथे तेव्हा चितारायला जवळपास मंत्रीच नव्हता. माझ्या मते हा योगायोग नाही. सामाजिक प्रश्नांवरचे, रोजच्या जगण्यावरचे संपादकीय चित्र आपल्याकडे टिकले ते दिवसाच्या बातमीला जुंपले नव्हते तिथे. राजकीय व्यंगचित्राला राजधानी लागते. या दुसऱ्या चित्राला बाजार लागतो, आणि धीर धरणारे पान लागते.

धीराचा मुद्दा आधी छपाईच्या अंगाने पाहू, कारण कलेच्या इतिहासात तो सहसा कोणी मांडत नाही. ऑफसेट येण्यापूर्वी वर्तमानपत्रातले चित्र म्हणजे जस्ताचा ठसा, अर्थात ब्लॉक. चित्रकार पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईने, छापायच्या आकारापेक्षा मोठे चित्र काढी. त्याचा फोटो घेऊन निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरवत. मग पत्रा आम्लात बुडवला की रेषा सोडून बाकीचा भाग खाल्ला जाई. उरलेला उठाव लाकडी ठोकळ्यावर खिळवून छपाईच्या खिळ्यांच्या उंचीला आणत आणि जुळाऱ्याने लावलेल्या मजकुरासोबत यंत्रावर चढवत. ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर मोजले जात. छायांकित चित्राला जाळीचा हाफटोन ब्लॉक लागे. तो महाग, शिवाय हलक्या न्यूजप्रिंटवर चिकट काळा डाग होऊन बसणारा. आपल्या संपादकीय चित्राची ठाशीव रेषा, मोकळी पांढरी जागा, मोजक्याच आडव्या-उभ्या छटा हे सगळे या खर्चाच्या हिशोबातून आले आहे. शैली नंतर झाली. आणि ज्या गावात ब्लॉक करण्याची सोय नसे, तिथल्या संपादकाला चित्र दुसऱ्या शहरात पाठवून वाट पाहावी लागे. आजच्या बातमीवरचे चित्र आठवड्याने हाती आले तर त्याची किंमत शून्य. हुंडा, सावकारी, पाण्याची रांग, लग्नातला मानपान यांवरचे चित्र मात्र आठवड्यानेही ताजे राहते आणि, दुर्दैवाने, पन्नास वर्षांनीही. लहान गावातल्या छापखान्याला सामाजिक चित्र परवडे आणि राजकीय चित्र परवडत नसे, यामागे असा साधा व्यवहार होता.

छत्तीसगडला मासिकाचा असा धीर आधीपासून ठाऊक होता, आणि त्यात मराठी माणसांचा हात मोठा होता. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून इथे वसलेल्या मराठी घरांची पुढची पिढी विसाव्या शतकाच्या तोंडावर हिंदीत लिहू लागली. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिन्ही नावे मराठी आणि मासिक हिंदी. पहिल्या वर्षी ते रायपूरच्या छापखान्यात छापले गेले, नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये. डिसेंबर १९०२ मध्ये पैशाअभावी थांबले. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे ते हेच. त्यांच्या मासिकाची ओळख चित्रांसाठी नाही. तरी १९०१ मध्ये त्यात आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा पाहा: वाड्याला लागून असलेली विधवेची झोपडी जमीनदाराला हवी आहे, आणि ती म्हातारी एक टोपलीभर माती मागते. सगळी कथा एका दृश्यात मावते. जमीनदार, टोपली आणि ती उचलू न शकणारे हात. उत्तम सामाजिक व्यंगचित्राची बांधणी नेमकी अशीच असते. एकच क्षण, एकच वस्तू, आणि त्या वस्तूत सगळा अन्याय. पेंड्र्यासारख्या आडगावी ही दृष्टी होती. उणीव होती ती ब्लॉकच्या पैशांची.

पैसा आणि दृष्टी एकत्र आली ती किर्लोस्करवाडीत, आणि तीही राजधानी नव्हती. औंध संस्थानातल्या माळरानावर नांगरांचा कारखाना, त्याचाच छापखाना, आणि १९२० मध्ये कारखान्याच्या जाहिरातीसाठी निघालेले ‘किर्लोस्कर खबर’. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. संपादकच चित्रकार असला की चित्र लेखाच्या पोटात भरायची जागा राहत नाही. ते स्वतःच एक लेख होते. ‘खबर’चे पुढे झालेले ‘किर्लोस्कर’, १९३० मध्ये निघालेले ‘स्त्री’ आणि १९३४ मधले ‘मनोहर’ या तीन मासिकांतून अंधश्रद्धा, जातिभेद, जुनाट रूढी यांवर त्यांनी लेखणीबरोबर कुंचलाही चालवला. कारखानदाराच्या पैशावरच्या सुधारणेला मर्यादा असतात, हे म्हणणे रास्त आहे; त्या मासिकांत कामगाराचा संप चितारला जाईल अशी अपेक्षा कोणी करू नये. पण ‘हिंदुपंच’शी तुलना केली तर फरक कळतो. ठाण्याहून निघणारे ते मराठी पंच सरकार आणि पुढारी यांच्यावर थेट प्रहार करी. खटल्यांच्या ओझ्याने ते १९०९ च्या सुमारास संपले. शंकररावांचे प्रहार घरातल्या माणसावर होते. घरातला माणूस रागावतो, वर्गणी बंद करतो, पण खटला भरत नाही. सामाजिक चित्राला दीर्घ आयुष्य मिळाले त्यात या सुरक्षिततेचाही वाटा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

यावर दोन मोठी नावे आडवी येतात. पहिले आर. के. लक्ष्मण. १९५१ पासून त्यांचे ‘यू सेड इट’ मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त, म्हणजे दैनिकातच येई, आणि चौकटीचा कोट घातलेल्या त्या मुक्या माणसाइतके रोजचे जगणे दुसऱ्या कोणत्या भारतीय चित्राने दाखवले? आक्षेप खरा आहे. पण लक्ष्मण यांची सोय पाहा: बलाढ्य इंग्रजी दैनिक, कायमची नोकरी, पहिल्या पानावरची राखलेली जागा, इमारतीतच ब्लॉक. ही सोय मराठी किंवा हिंदी दैनिकातल्या किती चित्रकारांना मिळाली? शिवाय त्या चित्रांत सामान्य माणूस बहुधा साक्षीदार असतो. बोलतात ते मंत्री, अधिकारी, नगरसेवक. रस्त्यावरचा खड्डासुद्धा सरकारच्या संदर्भात येतो. सासू-सून, मालक-मोलकरीण, दुकानदार-गिऱ्हाईक यांच्यातला अन्याय, ज्यात सरकार कुठेच नाही, तो त्या चौकटीत क्वचित शिरला. दुसरे नाव ‘मार्मिक’चे. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे यांनी सुरू केलेले हे साप्ताहिक मुंबईतले, राजकीय, आणि तरीही त्याची ताकद रोजच्या जगण्यातूनच आली: मराठी मुलाला नोकरी नाही, हे दुःख. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला बळ देते आणि त्याची धोक्याची बाजूही उघडी करते. रोजच्या दुःखावरचे चित्र लोकांना सगळ्यात आधी भिडते, म्हणूनच ते सगळ्यात लवकर कोणातरी शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागते. १९६६ मध्ये त्या वाचकवर्गातून पक्ष उभा राहिला आणि चित्रांतला दाक्षिणात्य माणूस हा हसण्याचा विषय न राहता राग काढण्याचा विषय झाला. लुंगी आणि कपाळावरचे गंध एवढ्या दोन खुणांत माणूस संपवणारी रेषा कितीही जोरकस असो, ती सामाजिक प्रश्नाची उकल करत नाही.

बातमीपासून मोकळीक पुरेशी नाही, हे मासिकांच्या इतिहासातूनही दिसते. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढे हाच अंक मराठी व्यंगचित्राचे सगळ्यात मोठे घर झाला. त्या घरात भरपूर कचराही साठला. लाटणे उगारलेली बायको, विसराळू प्राध्यापक, मेहुणीकडे बघणारा नवरा हेच विनोद वर्षानुवर्षे फिरत राहिले. वेळ होता, पान होते, पण काही सांगायचे नव्हते. याच अंकांत मग शि. द. फडणीस आणि वसंत सरवटे यांचे वेगळेपण उठून दिसते. फडणीसांनी शब्द काढून टाकले आणि कपड्यावरची नक्षी, बसची रांग, घरातले भांडे यांनाच बोलते केले. त्यांची चित्रे पुढे गणिताच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली ती त्यामुळेच. सरवटे पेशाने अभियंते. त्यांच्या चित्रांतली खुर्ची, जिना, चाळीचा कठडा हे सगळे वजन पेलणारे असते, आणि म्हणून त्यात बसलेला मध्यमवर्गीय माणूस खरा वाटतो. त्यांनी व्यंगचित्रकलेवर पुस्तके लिहिली हेही महत्त्वाचे. हे काम विचाराचे आहे, हे मराठीत पुन्हा पुन्हा सांगणारे फार थोडे झाले. मंगेश तेंडुलकरांनी तर छापील पानही ओलांडले: दिवाळीत पुण्याच्या नळ स्टॉपवर उभे राहून वाहतुकीच्या नियमांवरची स्वतःची चित्रकार्डे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात देत.

आता पंडरीकडे. एखादा चित्रकार त्या कापड बाजारावर चित्र काढायला बसला तर काय काढील? गादीवर उलगडलेला साडीचा ढीग, पदर खांद्यावर टाकून बघणारी मुलगी, किंमत मुलीला न सांगता आईकडे बघून सांगणारा विक्रेता, आणि अर्धे पाऊल मागे सरून मनातल्या मनात बेरीज करणारा बाप. बाप नेमका किती मागे उभा आहे, यावर सगळे चित्र अवलंबून. जवळ उभा केला तर ती खरेदी. थोडा दूर केला तर कर्ज. हे चित्र कोणत्याही दैनिकाच्या संपादकीय बैठकीत मंजूर होणार नाही, कारण त्याला तारीख नाही. मासिकाला ते घेता येते. ‘कार्टून वॉच’मध्ये राजकीय चित्रे येतच नाहीत, असा माझा दावा नाही, येतात, आणि राज्य झाल्यावर रायपूरही राजधानी झाले आहे. पण राजधानी नसलेल्या शहरात जन्मलेल्या मासिकाला पहिल्यापासून अशा बिनतारखेच्या चित्रांसाठी जागा राखता येते, आणि चित्रकारांच्या पिढ्या शेजारी शेजारी छापता येतात, हे त्याचे खरे मोल आहे. दैनिकांतले पॉकेट कार्टून आज आक्रसत चालले असताना ते मोल वाढलेच आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांना म्हणून एक विनंती. यंदाच्या अंकात एक पान आपल्याच गावातल्या बाजारावरच्या, बस स्थानकावरच्या, दवाखान्याच्या रांगेवरच्या चित्राला द्या. चित्रकाराला लेखकाइतकेच मानधन द्या. आणि चित्राखाली त्याचे नाव व साल न चुकता छापा. रायपूर, बिलासपूर, नागपूरच्या जुन्या घरांत मासिकांचे गठ्ठे असतील तर ते रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाला विचारा. नाव-साल नसलेली आणि रद्दीत गेलेली शेकडो चित्रे आपण आधीच गमावली आहेत.