हॉर्न बेटाचा चित्रकार

सातासमुद्रांपलीकडील एका चित्रकाराची कथा आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न ज्ञातिबांधवांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्ही अखेरीस देऊ.

अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताच्या काठी, मिसिसिपी राज्यात, ओशन स्प्रिंग्ज नावाचे लहानसे गाव आहे. वॉल्टर अँडरसन यांचे आयुष्य बहुतांशी येथेच गेले. त्यांचा जन्म १९०३ सालचा. फिलाडेल्फिया येथे चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते घरी परतले. वडील बंधू पीटर यांनी १९२८ साली शिअरवॉटर नावाचा मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला होता. त्या भांड्यांवर वॉल्टर मासे, खेकडे व पक्षी चितारीत. १९३३ साली अ‍ॅग्नेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु थोड्याच वर्षांत मनाच्या आजाराने त्यांना ग्रासले व इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या.

पुढे ते कुटुंबापासून वेगळे, कारखान्याच्या आवारातील एका झोपडीवजा घरात राहू लागले. तेथून लहानशी होडी वल्हवीत सुमारे बारा मैलांवरील निर्जन हॉर्न बेटावर जावे, रात्री होडी पालथी घालून तिच्याखाली निजावे आणि दिवसभर टंकलेखनाच्या साध्या कागदांवर जलरंगांत बगळे, बदके, कासवे रंगवावीत, असा त्यांचा क्रम झाला. चोचीखाली झोळी असलेल्या तपकिरी पेलिकन पक्ष्याचा तर त्यांना ध्यासच होता. त्याच काळात कीटकनाशकांच्या विषाने हा पक्षी शेजारच्या लुइझियानाच्या किनाऱ्यावरून नाहीसा झाला. तो तेथे पुन्हा नांदू लागल्याचे पाहण्यास अँडरसन उरले नाहीत.

गावाने त्यांना ओळखले नाही. १९५१ साली त्यांनी गावच्या समाजमंदिराच्या भिंती चित्रांनी भरून काढल्या. मोबदला एक डॉलर! ती चित्रे अनेकांना रुचलीही नाहीत. १९६५ च्या सप्टेंबरात ‘बेट्सी’ वादळ आले, तेव्हा ते बेटावरच होते. वादळाचा अनुभव घेण्यासाठी त्यांनी स्वतःला झाडाला बांधून घेतले, असे सांगतात. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर अ‍ॅग्नेसबाईंनी त्यांची बंद खोली उघडली. चारही भिंतींवर किनाऱ्यावरचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रंगला होता. घरात हजारो चित्रे सापडली. १९९१ साली त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले व ती खोलीही तेथे आणली गेली. २००५ च्या ‘कतरिना’ वादळात कारखान्याच्या आवारातील चित्रसंग्रह पाण्याखाली गेला. भिजलेली चित्रे वाचविण्यासाठी कुटुंबीयांना पुन्हा कंबर कसावी लागली.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. अँडरसन यांची प्रतिभा त्यांची स्वतःची. पण ती जगास दिसली ती घरच्यांमुळे. भावाने काम दिले. पत्नीने शाळेत शिकवून मुले वाढविली, उपेक्षा व दुःख सोसले आणि तरीही पतीचा एक कागद फेकला नाही. चित्रकाराचा गौरव करताना त्या माउलीचा विसर पडणे हा अन्याय होईल. आमचा जन्म शिक्षकी पेशात गेला. वर्गातील अबोल, विक्षिप्त मुलाला आम्हीही कित्येकदा वेडा ठरविले असेल, याची आज खंत वाटते. आपल्याही घराण्यांत अशी माणसे असतील, माळ्यावर त्यांच्या वह्या असतील. त्या रद्दीत घालण्यापूर्वी, बंधुभगिनींनो, एकवार उघडून पाहा.