मलनिःसारण, मुंबईचे

घरे, चाळी, वस्त्या, बाजार व कारखाने यांतून निघणारे सांडपाणी आणि मैला बंद वाहिन्यांतून वाहून नेण्याची, त्यावर प्रक्रिया करण्याची व उरलेले पाणी खाडीत किंवा समुद्रात सोडण्याची बृहन्मुंबई महानगरपालिकेची व्यवस्था. पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या कागदोपत्री वेगळ्या आहेत. प्रत्यक्षात मलवाहिनीची जोडणी नसलेल्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांत उतरते, म्हणून मिठी, दहिसर, पोयसर व ओशिवरा या नद्याही याच विषयात मोडतात.

पूर्वपीठिका : अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महालक्ष्मी ते वरळी हा बांध (हॉर्नबी वेलार्ड) घातला गेला आणि समुद्राचे पाणी आत येणे थांबले. बांधामागची जमीन मात्र भरतीच्या पातळीखालीच राहिली. शहराचे मुख्य गटार या सखल भागातून वरळीकडे जाई. भरतीला झडपा बंद ठेवाव्या लागत, तेवढा वेळ मैला आत तुंबे. मुंबईच्या निचऱ्याचा प्रश्न पहिल्यापासून उताराचा आहे, आणि वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्राचे महत्त्व त्यातूनच आले.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. पाणी वाढले तसे सांडपाणीही वाढले, पण ते वाहून नेण्याची सोय त्या वेगाने झाली नाही. टोपलीचे संडास, त्यांच्या मागची अरुंद घरगल्ली आणि तेथून डोक्यावर मैला वाहणारे हलालखोर यांवर शहर पुढेही अनेक दशके चालले. १८८८ च्या महापालिका अधिनियमात या कामासाठीच्या कराचे नाव ‘हलालखोर कर’ असेच होते. आजचा मलनिःसारण कर हा त्याचाच वारस.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग दिसला तेव्हा संशय प्रथम गटारांवर गेला. ती समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक आम्लाने धुण्यात आली. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे नंतर सिद्ध झाले. तरी दाट वस्ती व निचरा यांकडे सरकारचे लक्ष वळले ते याच साथीमुळे, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली.

माटुंग्याचा वायुप्रयोग : मलजलापासून मिळणाऱ्या ज्वलनशील वायूचा उपयोग जगात जेथे आरंभी झाला, त्या ठिकाणांत मुंबईची गणना होते. नगरपालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा येथे बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. (वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच.) आश्रमाच्या मैल्यासाठी बांधलेल्या बंद टाक्यांना १८९७ मध्ये वायू साठवण्याची सोय केल्याचा उल्लेख मिळतो. तो वायू आरंभी दिव्यांसाठी वापरला की इंजिनासाठी, याबाबत लेखकांत एकमत नाही. अनेक लेखांत या प्रयोगाचे साल १८५९ असे छापले जाते. आश्रमच १८९० चा असल्याने ते ग्राह्य धरता येत नाही, आणि एकाने दुसऱ्याचे उतरून घेतल्यामुळे ते टिकले असावे. इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८९५ च्या सुमारास सेप्टिक टाकीच्या वायूवर दिवे लावले गेले होते, त्यामुळे ‘जगातील पहिला’ हा दावाही येथे केलेला नाही. समाजाने बाहेर ठेवलेल्या माणसांच्या आश्रमात हे काम झाले, हे नोंदवणे मात्र अगत्याचे आहे. दादरच्या मलशुद्धी केंद्रातील वायूवर १९३० च्या दशकात अभ्यास झाला (पहा : गोबर वायू).

प्रक्रिया : चाळण्यांनी कचरा व चरांमध्ये वाळू अडवणे ही पहिली पायरी. त्यानंतर हवा देऊन वाढवलेल्या जीवाणूंकडून विरघळलेली घाण खाववणे (सक्रियित गाळ पद्धती, मँचेस्टर, १९१४) ही दुसरी. या पद्धतीच्या उभारणीत भाग घेतलेले गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. पाणी किती शुद्ध झाले हे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीवरून ठरते. ही कसोटी पाश्चात्त्य देशांत २० अंश सेल्सियसला पाच दिवसांची, तर भारतात २७ अंशांना तीन दिवसांची धरतात.

विद्यमान व्यवस्था : कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर असे सात विभाग आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात वरळी (१९९९) व वांद्रे (२००३) येथे समुद्रतळाखालून प्रत्येकी सुमारे ३.४ किमी. लांबीचे व ३.५ मी. व्यासाचे बोगदे काढले. त्यांतून बाहेर पडणारे पाणी बहुतांशी चाळणी व वाळू काढण्यापलीकडे गेलेले नव्हते. खोल पाण्यात ते विरून जाते, ही त्यामागची भूमिका. सागरी पर्यावरणाच्या अभ्यासकांना व कोळी समाजाला ती मान्य नाही. एकूण २,४६४ दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेच्या सात नव्या केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले.

वस्ती स्वच्छता : जागतिक बँकेच्या साहाय्याच्या वरील प्रकल्पात झोपडपट्ट्यांत तीनशेहून अधिक सामुदायिक शौचालये बांधली गेली. चालवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थांकडे असून कुटुंबांकडून मासिक पासाचे पैसे घेतले जातात. पाणी व वीज नियमित असेल तेथे ती टिकली. दार, कडी आणि रात्रीचा दिवा नसेल तर बायका व मुली शौचालयाचा वापर टाळतात.

सफाई कामगार : हाताने मैला वाहण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी आहे. गटारात मृत्यू आल्यास वारसांना १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. मृत्यू बहुधा हायड्रोजन सल्फाइडने होतात. हा वायू कुजक्या अंड्यासारख्या वासाचा, पण प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच नष्ट करतो. खाली उतरलेल्याला वाचवायला उतरणारा दुसराही त्यामुळेच दगावतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादले गेले आणि कंत्राटी पद्धतीतही ते त्यांच्याकडेच राहिले आहे.

पुनर्वापर : अल्प. राज्यात नागपूर पुढे आहे; तेथील भांडेवाडी केंद्राचे शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते.