तराजूतली दहा वर्षे

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत ‘गर्द’ हा शब्द आला आणि आईबापांची झोप उडाली. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थांचा नवा कायदा लागू झाला. जुन्या, १९३०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षे कैद होती. आता चरस किंवा गर्द जवळ सापडले की कमीत कमी १० वर्षे सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड! मुलगा पहिल्यांदाच सापडलाय, असे मनात येऊनही न्यायाधीशाला त्याखाली उतरता येत नव्हते.

एक फट मात्र होती. ‘अल्प प्रमाण’ आणि तेही स्वतःच्या सेवनासाठी, हे आरोपीनेच सिद्ध केले तर सहा महिने किंवा फार तर वर्षभर. हे अल्प प्रमाण म्हणजे चरस ५ ग्रॅम, गर्द २५० मिलिग्रॅम. आम्ही वर्गात ग्रॅम-मिलिग्रॅमची गणिते घालतो. तिथे उत्तर चुकले तर एक गुण जातो.

गोव्यात एका परदेशी माणसाकडे १२ ग्रॅम चरस सापडला, दोन तुकड्यांत. त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. पण पोलिसांनी तपासणीला एकच तुकडा पाठवला होता, आणि तो ५ ग्रॅमच्या आतला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तेवढाच चरस सिद्ध धरला आणि शिक्षा सहा महिन्यांवर आली. पोलिसांच्या आळसाने जे दिले, ते कायदा द्यायला तयार नव्हता.

२ ऑक्टोबर २००१पासून दुरुस्ती आली. अल्प प्रमाण चरसाचे १०० ग्रॅम, गर्दाचे ५ ग्रॅम झाले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (२०१४मध्ये सहा महिन्यांचे एक वर्ष झाले.) ज्यांचे खटले तेव्हा चालू होते, त्यांनाही नवे माप लागू झाले. ज्यांना शिक्षा होऊन अपील पडून होते, त्यांना मात्र नाही. हा भेद २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही वैध ठरवला.

समजा, दोघे एकाच दिवशी, ६ ग्रॅम चरसासह धरले गेले. एकाचे न्यायालय संथ, खटला रेंगाळला. तो काही महिन्यांत घरी. दुसऱ्याचा निकाल २००१च्या उन्हाळ्यातच लागला. त्याची १० वर्षे तशीच राहिली.