मार्क कमी आणि डॉक्टर व्हायचंय : एका जुन्या अर्जाची गोष्ट

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात जानेवारीत एक आई मुलीला घेऊन आल्या. तक्रार थकव्याची. मुलगी उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढताना धाप लागते. तपासून झाल्यावर आईंनी हळूच दुसरा विषय काढला. बारावीला पीसीबीत ५८ टक्के, नीटचा एक प्रयत्न झालाय, दुसऱ्याची तयारी चालू आहे. मग पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल निघाली. रक्तदान शिबिराचं सर्टिफिकेट, प्रथमोपचाराचा कोर्स, तबल्याच्या परीक्षा. "डॉक्टर, न्यू जर्सीची मावशी म्हणते, मार्क कमी असले तर प्रोफाइल बनवा. याचा उपयोग होईल ना?"

मावशी खोटं सांगत नव्हती. ती तिकडचं सांगत होती. इकडचं आणि तिकडचं इतकं वेगळं का झालं, हे समजायला एक जुना अर्ज बघू या. तोही न्यू जर्सीतूनच लिहिलेला आहे, आणि लिहिणारी मुलगी मुलुंडहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावरच्या कल्याणची.

आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेतच. कादंबरीतून, नाटकातून, नाहीतर २०१९च्या सिनेमातून. जन्म ३१ मार्च १८६५, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. हे सगळं आपण ऐकलेलं असतं. मला त्यातला एकच कागद महत्त्वाचा वाटतो: २८ जून १८८३ रोजी रोझेल गावातून त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेलं पत्र. आज आपण ज्याला अ‍ॅडमिशनचा फॉर्म म्हणतो, तोच तो.

त्यांच्याजवळ मार्कलिस्ट नव्हती. मॅट्रिक नव्हती. शिक्षण बहुतेक घरी, गोपाळरावांनी दिलेलं, तेही त्यांच्या पोस्टातल्या बदल्यांमागे फिरत. आजच्या भाषेत बोलायचं तर अर्जात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. अशा वेळी आपण काय करतो? उणीव झाकतो, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतो. आनंदीबाईंनी दोन्ही केलं नाही. गणितात कुठवर शिकलोय, इतिहास-भूगोल किती, भाषा कोणत्या येतात, हे सरळ लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हेही लिहिलं. आणि त्याला लागून काय आहे तेही मांडलं: जातीचा, मित्रमंडळींचा विरोध पत्करून इतक्या लांब यायला लागलेली जिद्द, आणि आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय.

हा हेतू त्या रात्री सुचलेला नव्हता, हेही बघा. चार महिने आधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात भरसभेत त्यांनी अमेरिकेला का जाते याची कारणं सांगितली होती. पत्रातली वाक्यं आधी लोकांसमोर, विरोध करणाऱ्यांसमोर बोलून झालेली होती. हेतू खरा असला की तो अर्जात असा उमटतो. (मी काही वर्षं नातेवाइकांच्या मुलांचे परदेशी अर्ज वाचून देतोय. "मला लोकांची सेवा करायची आहे" हे वाक्य एकाही अर्जात चुकलेलं नाही.)

डीन रेचेल बॉडली यांच्या कॉलेजने त्यांना घेतलं. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. प्रबंध होता प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर.

दुसरं नाव थोडक्यात सांगतो, मुंबईचंच. रखमाबाई. लहानपणी लग्न झाल्यावर शाळा सुटली, घरी वाचून शिकल्या. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये अंगावर घेतला. ते प्रकरण मिटल्यावर कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्यासारख्यांच्या मदतीने १८८९ मध्ये लंडनच्या महिला वैद्यकीय शाळेत गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. उशीर, तुटलेलं शिक्षण, बदनामी, सगळं होतं. ओळखून, पारखून शब्द टाकणारं माणूसही होतं.

तर तिकडचं दार पूर्वीही माणूस बघून उघडायचं आणि आजही बरंचसं तसंच आहे. अमेरिकेत पदवीनंतर मेडिकलला अर्ज करतात. पदवीचे ग्रेड कमी असतील तर मुलं वर्ष-दोन वर्षं पुन्हा विज्ञानाचे विषय घेऊन त्यात चांगले ग्रेड मिळवून दाखवतात, एमकॅट पुन्हा देतात, हॉस्पिटलात काम करतात, शिक्षकांची पत्रं घेतात. जुना ग्रेड पुसला जात नाही. मात्र आलेख वर गेलेला दिसला तर समिती तो वाचते. मावशी हेच सांगत होती.

मग आपल्याकडे माणूस बघणं बंद का झालं? कारण माणूस बघणाऱ्यावरचा आपला विश्वास उडाला, आणि तो उगाच उडाला नाही. १९८०च्या दशकात महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी कॉलेजं सुरू झाली आणि "डोनेशन" हा शब्द घराघरात पोचला. १९८६ मध्ये एमडीच्या परीक्षेतल्या गुणांच्या वादात मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा आला. मी पुढच्याच वर्षी बारावी झालो. आमच्या चाळीत सगळ्यांचं एकच मत होतं: मुलाखत नको, शिफारस नको, आकडा पाहिजे. आकड्याला मामा-काका नसतात. माझे वडील गिरणीत होते. त्या आकड्यानेच मला आत घेतलं, हे मी विसरत नाही.

पण आकडा बदलत गेला. आमच्या आधीच्यांना इंटर सायन्सचा, आम्हाला बारावीच्या पीसीबीचा, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सीईटीचा. २०१३ मध्ये देशभरासाठी नीट आली, त्याच जुलैत सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये कोर्टानेच तो निर्णय मागे घेतला. तेव्हापासून ७२० पैकी किती, एवढाच प्रश्न. तुमच्या फाइलमधला एकही कागद तिथे कोणी उघडत नाही. त्या आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

लगेच दुसरी बाजूही सांगितली. बारावीचे कमी मार्क आता तितके आडवे येत नाहीत. पीसीबीत खुल्या गटाला ५० टक्के लागतात, राखीव गटांना ४०. तेवढे आहेत ना? मग ५८ आणि ९८ मध्ये एमबीबीएसच्या यादीपुरता फरक राहत नाही. नीटमधलं ५० मात्र पर्सेंटाइल असतं, टक्के नव्हे. म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणं. ही नुसती पात्रता झाली. सरकारी सीट त्याच्या बरीच वर असते, या दोन्हीत गल्लत करू नका. प्रयत्न किती, यावर बंधन नाही. २०२२ पासून वयाची वरची मर्यादाही नाही. बारावीला बायोलॉजी घेतलं नव्हतं, तर तो विषय नंतर जादा म्हणून देता येतो, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि कोणी "मॅनेजमेंट कोट्यात नीट लागत नाही" किंवा "बाहेरच्या देशात डायरेक्ट करून देतो" म्हणाला, तर त्याच्या ऑफिसातून उठून या. दोन्हीला नीट पात्रता लागते. ती नसताना बाहेरून एमबीबीएस केलं, तर इथे प्रॅक्टिस करता येत नाही.

आता डॉक्टर म्हणून एक गोष्ट, जी मला आनंदीबाईंच्या पत्रात दर वेळी टोचते. माझी प्रकृती चांगली आहे, असं त्यांनी त्यात लिहिलंय. तसं नव्हतं. निघण्याआधीपासूनच डोकेदुखी, अशक्तपणा, मधून ताप, कधी धाप. अमेरिकेची थंडी, न सोसणारा आहार, अभ्यासाचा ताण, आणि क्षयरोग. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात स्त्री विभागाची नेमणूक झाली होती. ती सुरू न करताच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता. औषध यायला अजून साठेक वर्षं होती.

आज औषध आहे. सहा महिन्यांत बहुतेक रुग्ण बरे होतात, महापालिकेच्या दवाखान्यात गोळ्या मोफत मिळतात. तरीही रिपीट करणारी मुलं मुलुंड-घाटकोपरच्या क्लासमधून रात्री दहाला सुटतात, वडापावावर राहतात आणि खोकला "परीक्षेनंतर बघू" म्हणतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन यातलं काहीही असेल तर परीक्षेची वाट बघू नका, थुंकी तपासून घ्या. झोप उडाली, जेवण सुटलं, "मी नसलेलीच बरी" असं मूल बोलायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीला खोकला नव्हता, एक्स-रे स्वच्छ होता. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. पाळी जास्त जाते हे तिने आईला सांगितलं नव्हतं, सकाळचा डबा क्लासच्या गडबडीत तसाच परत यायचा. लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर चालतील, निदान तीन महिने. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. फाइल परत पिशवीत ठेवताना आई म्हणाल्या, म्हणजे ही वाचून विसरायची नाही का, हिला दमच नव्हता. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मार्चच्या शेवटी पुन्हा रक्त तपासायला बोलावलंय, परीक्षा मेमध्ये आहे.